वीस रुपयांची उधारी

नागपुरातील रेशीमबाग परिसरात कविवर्य सुरेश भट सभागृहाची प्रशस्त वास्तू उभी आहे. २२ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दहावी-बारावीचे निकाल लागले, की शहरातील अशा लहान-मोठ्या सभागृहांतून गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारांचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक समाजाचा, प्रत्येक मंडळाचा आपला एक समारंभ असतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि दशांश चिन्हानंतरचे दोन आकडेही न गाळता वाचली जाणारी टक्केवारी. टाळ्यांना खंड पडत नाही. त्या गर्दीत मागच्या रांगेत एखादे असे जोडपेही बसलेले असते, की ज्यांच्या पुतणीचा सत्कार आहे म्हणून ते आलेले असतात; त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र घरीच असतो. ‘तो का नाही आला?’ असे कोणी विचारले, तर ‘त्याला जरा बरे नाही’ असे उत्तर तयार असते.

रेशीमबागेतल्या त्या वास्तूवर ज्यांचे नाव कोरलेले आहे, त्या सुरेश भटांची टक्केवारी मात्र कोणत्याही व्यासपीठावरून वाचली गेली नसती. अमरावतीला १५ एप्रिल १९३२ रोजी जन्मलेल्या या कवीला अडीच वर्षांच्या वयात पोलिओने गाठले आणि त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. पुढे बी. ए.च्या शेवटच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला आणि १९५५ साली कसाबसा पदवीधर झाला. ‘रूपगंधा’ हा त्याचा पहिला संग्रह १९६१ चा. म्हणजे दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी अमरावतीतल्या कोणाही शहाण्या माणसाने त्या तरुणाकडे पाहून जे भाकीत केले असते, ते आज कोणी छापील स्वरूपात वाचू इच्छिणार नाही.

समारंभ लांबला, की प्रेक्षागृहातल्या प्रौढांचे मन भटकू लागते. समोर सतरा वर्षांची मुले रांगेने व्यासपीठ चढत असतात आणि खुर्चीतल्या पन्नाशीच्या माणसाला आपले सतरावे वर्ष आठवू लागते. त्या वेळचा ‘तो’ आज भेटला, तर त्याला काय सांगावे? या प्रश्नाची बहुतेकांची उत्तरे ठरलेली असतात. त्या मित्राची संगत धरू नकोस. गणिताकडे दुर्लक्ष करू नकोस. त्या दुकानात भांडवल गुंतवू नकोस. वडिलांशी त्या रात्री जे बोललास, ते बोलू नकोस. आणि अशी सारी यादी संपल्यावर, बहुधा थोड्या खालच्या आवाजात, शेवटचे एक वाक्य येते : घाबरू नकोस.

यादीतली आधीची सारी वाक्ये उपदेशाची आहेत. शेवटचे तेवढे धीराचे. ही दोन्ही एकाच तोंडून आली, तरी त्यांची जात वेगळी आहे. तो फरक नीट पाहायचा, तर ज्याने खरोखरच आपल्या तरुणपणाकडे वळून पाहिले आणि ते लिहून ठेवले, अशा एका जुन्या माणसाकडे जावे लागते.

बनारसीदास हे नाव जैन घरांतून अपरिचित नाही. ‘समयसार नाटक’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून ते सर्वांना ठाऊक असतात. परंतु त्यांचे ‘अर्धकथानक’ फारसे उघडले जात नाही. १५८६ साली जौनपूर येथे जवाहिऱ्याच्या घरात जन्मलेल्या बनारसीदासांनी १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आपल्या आयुष्याची हकीकत ६७५ पद्यांत लिहिली. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी तिला ‘अर्धे कथानक’ म्हटले. उरलेला अर्धा भाग लिहिण्याची वेळ आली नाही. त्यानंतर त्यांना फार थोडे आयुष्य लाभले. भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. मुघल काळातील एक जैन व्यापारी कोणताही पराक्रम सांगण्यासाठी नव्हे, तर केवळ आपण कसे होतो हे सांगण्यासाठी लेखणी उचलतो, हेच त्यातले नवल.

आणि ते कसे होते? सरळ म्हणायचे, तर घरच्यांची चिंता वाढवणारे होते. चौदा-पंधराव्या वर्षी त्यांना दोनच नाद लागले : एक विद्येचा आणि दुसरा प्रेमात पडण्याचा. दुकान त्यात कोठेच नव्हते. वडीलधाऱ्यांनी समजावले. त्या समजावणीचा आशय त्यांनी लिहून ठेवला आहे, आणि तो इतवारीच्या सराफ्यातल्या कोणत्याही पेढीवर आजही ऐकू येईल : फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम, व्यापाऱ्याच्या मुलाने बाजारात बसावे, फार शिकला तो भीक मागतो. मुलाने ऐकले नाही. त्याने हजारभर पद्यांचा एक शृंगारप्रधान ग्रंथ रचला, आणि पुढे एके दिवशी, मित्रांना तो वाचून दाखवत असतानाच, आपण हे सारे खोटे लिहिले असे वाटून, गोमतीच्या पाण्यात फेकून दिला. मित्र हळहळत राहिले. पाने वाहून गेली.

त्यानंतर शहाणपण आले असे समजून वडिलांनी त्याच्या हाती माल दिला आणि आग्र्याला पाठवले. रत्ने, तूप, तेल, कापड असा तो माल होता. त्यात कर्जाऊ पैसाही होता. आग्र्यात एकेक करून सारे हातचे गेले. काही रत्ने हरवली, काही व्यवहार बुडाले, शेवटी घरातली चीजवस्तू विकून खाण्याची पाळी आली. बाजारात तोंड दाखवणे नकोसे झाले. अशा वेळी हा तरुण रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचत बसे. दहा-वीस माणसे ऐकायला जमत, आणि त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घेऊन पोट भरीत. असे बरेच दिवस गेल्यावर त्यांनी त्याला एकांतात गाठून खरे सांगितले, की आपल्याजवळ काही नाही, यापुढे उधार देऊ नये. त्यावर कचोरीवाल्याने दिलेल्या उत्तराचा भावार्थ असा : वीस रुपयांपर्यंत खा, तुम्हाला कोणी काही विचारणार नाही, वाटेल तिथे जा.

सहा-सात महिने ही उधारी चालली, आणि पुढे ती फेडलीही गेली.

त्या कचोरीवाल्याचे नाव बनारसीदासांनी दिलेले नाही. तो काही साधू नव्हता आणि विद्वानही नव्हता. समोरचा कफल्लक तरुण पुढे मोठा ग्रंथकार होणार आहे, हे त्याला कळण्याचा संभव नव्हता. म्हणून त्याने तसले काही सांगितलेही नाही. ‘धीर धरा, तुमचे दिवस पालटतील’ असे तो म्हणाला नाही. ‘माझ्या एका ओळखीच्याचेही असेच झाले होते, पण आज बघा’ असेही म्हणाला नाही. त्याने एक आकडा सांगितला. वीस रुपये. त्या काळी ही रक्कम कचोरीच्या दुकानाला लहान नव्हती.

तशीच दुसरी आठवण खैराबादची, सासुरवाडीची. हात हलवत आलेल्या जावयाने तिथे व्यापार उत्तम चालल्याचे भासवले, पण रात्री पत्नीने खोदून विचारले तेव्हा सारे सांगून टाकले. तिने आपल्याजवळ साठवलेले वीस रुपये काढून त्याच्या हाती ठेवले. मग आईला विश्वासात घेऊन तिच्याकडून आणखी दोनशे मिळवून दिले. पुन्हा वीसचाच आकडा यावा हा योगायोग. पण दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. झाल्या गोष्टीची चौकशी लांबली नाही आणि उद्याच्या जेवणाची सोय झाली.

पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाने आपल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या रूपाला सबंध ग्रंथात कोठेही रागे भरलेले नाही, हे वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. दोन पत्नी गेल्या, नऊ मुले झाली आणि एकही राहिले नाही, एवढे सारे सोसल्यावर माणूस कडवट होऊन आपल्याच तारुण्याला बोल लावू शकला असता. त्याऐवजी ग्रंथाच्या अखेरीस ते आपले गुण आणि दोष दोन्ही मोजतात, आणि दोषांत आपण एकांतात कधी कधी नाचतो, हेही नमूद करतात. जवाहिऱ्याचा मुलगा असल्याने वजन चोख आहे. काट्याला बोट लावलेले नाही.

चार शतकांपूर्वीच्या आग्र्याहून महाराष्ट्रात परतायला एक तारीख पुरेशी आहे. रेशीमबागेतल्या सभागृहाच्या उद्घाटनाची २२ सप्टेंबर ही तारीख कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जन्माची तारीख आहे. १८८७ साली कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे, बाहुबलीच्या डोंगरापासून जवळच्याच गावी, एका जैन शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचे छायाचित्र अनेक शाळांत टांगलेले असते. त्या छायाचित्रात पांढरी दाढी आहे, खांद्यावर घोंगडी आहे, आणि नजरेत कोणाचीही भीती नाही. त्या नजरेच्या मागे उभा असलेला विद्यार्थी भाऊ मात्र कोणाला सहसा दिसत नाही.

तो विद्यार्थी अभ्यासात मागे होता. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात इंग्रजी सहावीपर्यंत कसाबसा पोहोचला आणि तिथे गणिताने वाट अडवली. खुद्द शाहू महाराजांनी शब्द टाकला, तेव्हा गणिताच्या शिक्षकांनी दिलेले उत्तर सर्वतोमुखी झाले आहे : तो बसतो ते बाक एक वेळ वरच्या वर्गात घालीन, पण त्याला घालणार नाही. शिक्षकांच्या बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु ज्याच्याविषयी ती सांगितली जाते, त्याने त्या दिवशी ते वाक्य कसे ऐकले असेल, याचा विचार सांगणारे करीत नाहीत. बाकाशी तुलना होऊन त्यातही आपण हरलो, हे सतरा-अठराव्या वर्षी ऐकणे सोपे नसते.

दुसरा ठपका वागणुकीचा. तो जैन बोर्डिंगमध्ये राहत असे, आणि तिथली शिस्त त्याला मानवली नाही. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्या समारंभाला तो गेला. परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असा नियम सांगण्यात आला. त्याने नकार दिला. बोर्डिंगमधून त्याची रवानगी झाली. त्या वेळी तिथले अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, जैन समाजातील सुधारणांचे एक अग्रणी. हा विरोधाभास त्या काळाचा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

म्हणजे वय वर्षे एकवीस. शिक्षण सहावी नापास. वसतिगृहातून काढलेला. पाठोपाठ साताऱ्यात शिकवण्या, त्यात मिळालेले ‘पाटील मास्तर’ हे नाव, आणि स्थिर काहीच नाही. मग १९१४ चे डांबर प्रकरण. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातील पुतळ्याला डांबर फासले गेले आणि संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळली. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्याने आपल्याला वसतिगृहाबाहेर काढले, त्याच्यावर सूड उगवण्याची संधी चालून आली होती; फक्त खोटे बोलायचे होते. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यासाठी तुरुंगात छळ सोसला. त्या दिवसांत त्यांना जगणे इतके असह्य झाले, की त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे.

सत्कार समारंभात सांगितल्या जाणाऱ्या कर्मवीरांच्या गोष्टीत हा भाग वगळला जातो. तो वगळू नये. सत्तावीस वर्षांच्या त्या कैद्याला रयत शिक्षण संस्था दिसत नव्हती. ४ ऑक्टोबर १९१९ अजून पाच वर्षे दूर होता. कऱ्हाडजवळचे काले गाव, साताऱ्याचे वसतिगृह, १९२७ साली तिथे आलेले महात्मा गांधी, १९४७ साली साताऱ्यातच निघालेले महाविद्यालय, पुणे विद्यापीठाने १९५९ साली दिलेली सन्माननीय डॉक्टरेट, यातले काही म्हणजे काही त्याच्यापुढे नव्हते. त्याच्यापुढे फक्त झालेल्या गोष्टी होत्या, आणि त्या साऱ्या त्याच्याविरुद्ध साक्ष देत होत्या.

आता कल्पना करावी, की १९५९ सालचे वृद्ध भाऊराव त्या तरुणाला भेटायला गेले आहेत. उपदेशाची यादी तयार आहेच. गणित नीट कर. नियम पाळ, स्नानाने काय बिघडते? एकाच धंद्यात टिकून राहा. ही प्रत्येक सूचना शहाणपणाची आहे, आणि तरुण भाऊने ती मानली असती तर पुढे काय झाले असते, तेही पाहावे. नियम पाळला असता, तर सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह काढण्याची निकड त्याला वाटली असती का? एका धंद्यात टिकला असता, तर ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने जी खेडी त्याने पालथी घातली, ती त्याने कधी पाहिली असती? खेड्यातल्या मुलाला शाळा का मिळत नाही, हे त्या विक्रेत्याच्या पायपिटीत त्याला उमगले. ज्या चुका पुसून टाकाव्यात असे वाटते, त्यांच्याखालीच पुढच्या कामाचा पाया दडलेला होता. गणिताचे मात्र तसे नाही; ते त्याला आले असते, तर बरेच झाले असते.

तेव्हा वृद्ध भाऊरावांनी त्या तरुणाला काय सांगितले असते, हा प्रश्न सोडून द्यावा. त्यांनी काय केले, ते समोर आहे. वसतिगृहातून निघावे लागलेल्या मुलाने वसतिगृहे उभारली. जिथे जातीवरून ताट वेगळे केले जाणार नाही, शुल्क नाही म्हणून परत पाठवले जाणार नाही, राबण्याची तयारी असेल त्याला शिकता येईल, अशी ‘कमवा आणि शिका’ची सोय त्यांनी लावली. १९०८ साली त्यांना जे दार हवे होते, ते त्यांनी दुसऱ्यांसाठी बांधले. त्या घरात एकदा मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, गळ्यातले मंगळसूत्र दिले, ही हकीकत साताऱ्याकडे आजही सांगतात. १९३० साली त्या गेल्या. पुढचे वैभव त्यांनीही पाहिले नाही. खैराबादच्या त्या स्त्रीने जसे आपल्याजवळचे काढून दिले, तसेच यांनीही पुढचे काही ठाऊक नसताना दिले.

इथे एका सोयीच्या चुकीपासून सावध राहिले पाहिजे. निकालाच्या दिवशी नापास मुलाला ‘कर्मवीरही नापास झाले होते, सुरेश भटही दोनदा नापास झाले होते’ असे ऐकवण्याची पद्धत आहे. ऐकवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या धीरात एक अट लपलेली असते : आज तुला माफ आहे, कारण उद्या तू मोठा होशील. आणि उद्या तो मोठा झाला नाही तर? नापास झालेली बहुतेक मुले पुढे कवी होत नाहीत आणि संस्थाही काढत नाहीत. ती दुकान चालवतात, नोकरी करतात, संसार करतात, आईवडिलांच्या म्हातारपणी त्यांच्याजवळ असतात. त्यांच्या नावाचे सभागृह होत नाही. त्यांनाही सतराव्या वर्षी तेवढीच भीती वाटलेली असते.

पन्नाशीच्या माणसाला आपल्या तरुण रूपाला धीर देणे सोपे जाते, कारण पुढे काय झाले ते त्याला माहीत असते. ‘घाबरू नकोस’ हे त्याचे वाक्य खरे म्हणजे भाकीत असते, तेही घडून गेल्यानंतरचे. घरात बसलेल्या मुलाच्या बाबतीत ती सोय नाही. त्याचे पुढे काय होणार, हे त्याच्या वडिलांना ठाऊक नाही, शिक्षकांना नाही, त्याला स्वतःला तर नाहीच. कचोरीवाल्याला तरी कुठे ठाऊक होते.

समारंभ संपतो. अल्पोपाहाराच्या डब्यांचे वाटप होते, छायाचित्रे काढली जातात, गाड्या निघण्यासाठी रेशीमबागेच्या रस्त्यावर गर्दी होते. मागच्या रांगेतले ते जोडपेही घराकडे निघते. दिवस उन्हाळ्याच्या अखेरचे. सूर्य मावळायला अजून अवकाश असतो. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायचा आहे, त्याची शेवटची तारीख शाळेत विचारायची आहे, एखादा शिकवणारा पाहायचा आहे. ही सारी कामे उद्याची. आजचे काम एवढेच, की सूर्यास्तापूर्वी घरात पाने मांडली जातील तेव्हा त्याचे पान रोजच्या जागी असावे, त्याच्या आवडीची भाजी वाढताना आवाज रोजचाच राहावा, आणि पुतणीच्या सत्काराची हकीकत त्याने विचारलीच, तर ती त्याला मोकळेपणाने सांगावी.